आधी धुतलेले पाय

त्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय दोनदा धुतले जात. एकदा फादर बारा निवडलेल्या माणसांचे धुवायचे, वेदीसमोर, सगळ्यांच्या देखत, प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. आणि त्याच्या आधी एकदा मागच्या आवारातल्या नळावर, साबण लावून, खरखरीत दगडाने टाचा घासून, फिनेलमावशींच्या देखरेखीखाली. मळ निघायचा तो तिथेच. वेदीसमोर व्हायचा तो नुसता शिडकावा.

ही नळावरची धुलाई कुठल्याही शास्त्रात लिहिलेली नव्हती. ती मावशींनी सुरू केली होती. फार वर्षांपूर्वी एका गुरुवारी कुणा ट्रकवाल्याने वेदीसमोर बूट काढले आणि वास पहिल्या बाकापर्यंत आला. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी पाणी घालता घालता श्वास रोखून धरला, तो मावशींनी पाहिला. झालं! पुढच्या वर्षापासून बाराही जणांनी लवकर यायचं, मोजे काढायचे आणि ओळीने उभं राहायचं. मावशी चष्मा नाकावर खाली ओढून एकेक पाय बघत, नखं बघत, बोटांच्या बेचक्यांत बघत. पास झालेला आत, नापास झालेला नळावर. लोक कुरकुरले, हसले आणि मग सवयीला आले. पुढे पुढे ते घरूनच तयारीने येऊ लागले. शिंपी पायांना अत्तर लावून येई. मास्तरांची बायको आदल्या दिवशी नवऱ्याचे पाय कोमट पाण्यात भिजत घाली आणि मग विधीची वेळ होईपर्यंत बिचाऱ्याला खुर्चीवरून उतरू देत नसे. देवापुढे जायचं तर जरा नीटनेटकं नको का जायला, असं सगळ्यांचं एकमत होतं. पाय धुऊन घ्यायला जाताना पाय धुऊन जायचं, यात काही चुकतंय हे इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नाही.

मावशी म्हणजे इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर, आता निवृत्त झालेल्या. फिनेल हे नाव वॉर्डातल्या शिकाऊ पोरींनी ठेवलं होतं. मावशी येण्याआधी वास यायचा आणि त्या गेल्यावरही बराच वेळ राहायचा, म्हणून. नाव चर्चमध्येही पोचलं, मावशींच्याही कानावर आलं आणि त्यांनी ते मनातल्या मनात पदकासारखं छातीवर लावून घेतलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. वॉर्डात त्यांचे दोन प्रश्न प्रसिद्ध होते. नवा रुग्ण आला की पहिला प्रश्न, "सोबत कोण?" आणि त्याची जखम उघडली, ती चिघळलेली दिसली की दुसरा, "इतके दिवस झोपला होतात का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसायचं. मोठमोठे मिशीवाले बाप्येही तो ऐकून छताकडे बघायचे.

पुढे मावशींचं खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंड बसलं आणि कमरेतून वाकणं कायमचं गेलं. चालता येई, उभं राहता येई, भांडता तर उत्तम येई. फक्त स्वतःच्या पायांपर्यंत हात पोचत नसे. तेव्हा धाकटी होती. धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण, तीही बिनलग्नाची. दोघी एकाच घरात, दोन खोल्यांत, आयुष्यभर एकमेकींच्या चुका काढत राहिल्या होत्या. दर शनिवारी दुपारी धाकटी बुटक्या स्टुलावर बसून ताईचे पाय मांडीवर घ्यायची, धुवायची, नखं कापायची, तेल लावायची. तोंडाने एकीकडे भजन, तेही बेसूर. "अगं, सुरात तरी गा," मावशी म्हणायच्या. "पाय माझ्या हातात आहे, ताई, जपून बोल," धाकटी म्हणायची आणि कात्री कचकन वाजवायची.

मागच्या थंडीत धाकटी गेली. खोकला झाला आणि त्यातच गेली. त्या दिवसापासून मावशींचे पाय पोरके झाले.

लोक भेटायला आले, बसले, चहा पिऊन गेले. "काही लागलं तर सांगा हं," असं प्रत्येकजण दाराशी म्हणाला. मावशी प्रत्येकाला म्हणाल्या, "मला काय लागतंय?" आणि हे त्यांनी इतक्या ठसक्यात म्हटलं की लोकांना ते खरं वाटलं. मग घर शांत झालं. सकाळी मावशी दोन कप काढत आणि एक परत ठेवत. बातम्या देणारा रेडिओवरून "नमस्कार" म्हणाला की त्या "नमस्कार" म्हणत, मग आपण हे काय केलं म्हणून त्याचा आवाज कमी करत. आठवड्यातून एकदा, रविवारी, फादरांनी सांगितल्यावर शेजारचा माणूस हातात हात देऊन "शांती असो" म्हणायचा. तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. मावशी त्या हाताची वाट बघत. हे त्यांनी जीव गेला तरी कुणाला सांगितलं नसतं. त्या एकट्या पडल्या होत्या, अगदी एकट्या, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती.

मग एका सकाळी मोजा निघेना.

डाव्या पायाचा मोजा करंगळीपाशी चिकटला होता. मावशींनी उभ्या उभ्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने तो ओढून काढला. दुखलं नाही. मोज्यावर पिवळट डाग होता. त्यांनी हातातला आरसा दोरी बांधून खिडकीखाली जमिनीवर सोडला, भिंतीला धरून पाय त्यावर उचलला, चष्मा पुसला आणि बघितलं. करंगळीखाली, तळव्याच्या बाजूला जखम होती. कडा पांढऱ्या, मधोमध काळं. वरती नखं वाढून वाकडी झालेली, बेचक्यांत मळ. हे पाय नळावर आले असते तर मावशींनी त्यांना आवाराच्या बाहेर काढलं असतं.

साखरेच्या आजाराची माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि आता त्याही त्यांतल्याच होत्या. न दुखणारी जखम सगळ्यात लबाड, हे त्या पोरींना घोकून घ्यायला लावायच्या. अशी जखम बोट खाते, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत जाते. सगळं पाठ होतं. आणि तरी मावशी इस्पितळात गेल्या नाहीत. त्यांनी लांब चिमट्याच्या टोकाला कापूस बांधला, तो औषधात बुडवला आणि आरशात बघत, भलत्याच ठिकाणी लावत, उपचार सुरू केले. कधी मिठाच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून उभ्या राहिल्या. मग चिमट्याने ओढून चढवलेले दोन मोजे, वर नाड्या आधीच बांधलेले बूट. घरातही बूट. वर फिनेल जरा जास्त.

का गेल्या नाहीत? ड्रेसिंगच्या खोलीत आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोर मुख्य होती. शिकवलेलं ती विसरणाऱ्यातली नव्हती. ती विचारणार, "सोबत कोण?" मग मोजा काढणार आणि विचारणार, "इतके दिवस झोपला होतात का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मावशींकडे नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या स्वतःला सांगत. मूठ झाकता येते, पाय कुजत असला तर वास झाकता येत नाही, हेही त्यांना कळत होतं. पण जन्मभर जी बाई दुसऱ्यांचे पाय तपासत आली, तिने आपला पाय पुढे करायचा म्हणजे काय करायचं? पाय गेला तर गेला. मान राहिला पाहिजे.

प्रार्थना त्या रोज करत, नेमाने. पण हल्ली गुडघे टेकता येत नव्हते आणि मनही टेकत नव्हतं. त्यांना वाटायचं, मी काय वाईट केलं? कुणाचं उणंदुणं काढलं नाही, कुणाचं काही घेतलं नाही, माणसांची घाण उपसली. प्रभू हातात घंगाळ घेऊन फिरत असेल तर त्याच्या मागे टॉवेल घेऊन मीच होते ना? आणि तो मात्र गप्प होता.

अशात गुरुवार जवळ आला. मावशींनी टॉवेल उकळले, वाळवले, कडक इस्त्री केली. नवे फादर टॉवेल न्यायला घरी आले. फादर तरुण होते, उंच, दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेणारे. मावशी त्यांना तोंडावर फादर म्हणत आणि मनात पोरगं म्हणत.

"मावशी, एक सांगायचं होतं," फादर टॉवेलांकडे बघत म्हणाले. "यंदा नळावरची तपासणी नको."

"का? नळाला पाणी नाही?"

"पाणी आहे. पण मी सगळ्यांना सांगितलंय, कामावरून सुटाल तसे या. पाय न धुता."

मावशींनी इस्त्री उभी केली. "तसे म्हणजे? ते गॅरेजमधलं पोरगं तेलकट पायांनी वेदीपुढे बसणार?"

"हो."

"आणि वास?"

"येऊ दे की." फादर हसले. "धुतलेले पाय धुऊन माझं काय काम उरतं, मावशी? मला तर वाटतं, आपण देवाला नेहमी आधी धुतलेलेच पाय दाखवतो. बाकीचे घरी ठेवून येतो."

हे वाक्य मावशींना बरोबर लागलं, आणि लागलं म्हणून रागही आला. कालचं पोर, अजून धड दाढी येत नाही, आणि आम्हाला शहाणपण शिकवतंय! "करा तुमच्या मनासारखं," त्या म्हणाल्या. "टॉवेल घ्या. मळकट परत आणू नका."

फादर टॉवेल घेऊन दाराशी थांबले. "तुम्ही कधी बसलाच नाहीत ना त्या बारांत? यंदा बसता का?"

"मी? माझे पाय? कधीच नाही."

"प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रही अगदी असंच म्हणाला होता."

"पेत्राच्या खुब्यात लोखंड नव्हतं," मावशी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मग दाराला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं. वेदीसमोर खुर्च्यांची ओळ होती आणि तिच्यावर जरा अवघडलेली माणसं. गॅरेजमधला पोरगा पाय खुर्चीखाली ओढून बसला होता. मास्तरांचे पाय जन्मात पहिल्यांदा धुळीने माखलेले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद होता. त्यांची बायको दुसऱ्या बाकावरून डोळे वटारत होती. एक खुर्ची मात्र रिकामी होती. शिंप्याने निरोप पाठवला होता की न धुता यायला जीव धजत नाही, क्षमा असावी.

मावशी हातावर टॉवेल घेऊन बाजूला उभ्या होत्या. फादरांनी झगा उतरवला, कमरेला पंचा गुंडाळला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग मावशींकडे. मावशींनी नजर खाली केली. सगळं चर्च आपल्या बुटांकडे बघतंय असं त्यांना वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं.

तेवढ्यात बाजूच्या दारातून गरम पाण्याची बादली घेऊन बॉयलरमामा आले. बॉयलरमामा इस्पितळाचा बॉयलर सांभाळायचे. मावशींच्या वॉर्डाला गरम पाणी त्यांच्याच भट्टीतून यायचं. तेही आता निवृत्त झालेले, बायको गेलेली, आवाराच्या टोकाला एका खोलीत राहणारे. दर वर्षी पवित्र गुरुवारी मागे मोठ्या हंड्यात पाणी तापवायचं आणि आत पोचतं करायचं, हे त्यांचं काम. ते बादली ठेवत आणि परत हंड्यापाशी जात. आत कधी बसत नसत. त्याचं कारण मावशींना ठाऊक होतं. तपासणीच्या पहिल्याच वर्षी मामांचं नाव बारांत होतं. मावशींनी त्यांना नळावर पाठवलं. ते घासून आले. परत पाठवलं. पुन्हा घासून आले. टाचांच्या भेगांत कोळशाची काजळी तशीच होती. तेव्हा मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हे पाय वेदीसमोर नकोत." मामांनी चपला घातल्या, बाहेर जाऊन हंड्याखाली लाकडं सारली, आणि त्यानंतर कधी त्यांचं नाव बारांत आलं नाही.

आता रिकामी खुर्ची, वाट बघणारे फादर, आणि हे मामा. स्वतःला बसायला लागू नये म्हणून मावशी पुढे झाल्या. त्यात पुण्य वगैरे काही नव्हतं, ती पळवाट होती. "या, बसा तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

मामांनी बादली खाली ठेवली. "मी नापास आहे, सिस्टर."

"यंदा परीक्षा नाही."

मामांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि जाऊन बसले. फादर ओळीने धूत आले. मामांच्या पायांशी आले तेव्हा घंगाळातलं पाणी करडं झालं, मग काळं. फादरांनी पाणी बदलायला लावलं नाही, घाई केली नाही. भेगांतून बोट फिरवत राहिले. काजळी गेली नाही ती नाहीच. मग त्यांनी वाकून त्या काळ्या भेगांवर ओठ टेकले. मावशी टॉवेल पुढे करायला विसरल्या. त्यांच्या मनात काहीतरी फार जुनं, घट्ट बांधलेलं, सैल व्हायला लागलं होतं आणि त्याने त्यांना भीती वाटत होती. त्यांना कळलं की ती काजळी मळ नव्हतीच. त्यांच्या वॉर्डातल्या प्रत्येक गरम बादलीपायी ती त्या कातडीत शिरली होती, आणि त्यांनी तिलाच घाण म्हटलं होतं.

टॉवेलासाठी मामांनी हात पुढे केला. त्यांची मान खाली होती. टॉवेल घेता घेता ते मावशींच्या डाव्या बुटाकडे बघत राहिले.

मिस्साची उपासना संपल्यावर मावशी टॉवेल गोळा करून मागच्या आवारात आल्या. अजून उजेड होता. हंड्याखालची लाकडं विझत आली होती आणि मामा एका खोक्यावर बसून राख सारखी करत होते.

"सिस्टर, बुटातून ओल येतेय," ते म्हणाले.

"पाणी सांडलं असेल."

"पाणी असं दिसत नाही." मामांनी राखेतून मान वर केली नाही. "वासही आहे. फिनेलच्या खाली. कुणाला सांगितलंत?"

मावशींच्या तोंडून तिखट उत्तर यायला हवं होतं. जन्मभर येत आलं होतं. आज ते आलं नाही. "कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "धाकटी असती तर..."

मामा उठले नाहीत, सांत्वन करायला धावले नाहीत. राख सारखी करत म्हणाले, "मला तुमचा राग होता. बरीच वर्षं होता. मग विसरलो, मग मध्येच आठवायचा. दर वर्षी पाणी तापवताना वाटायचं, यंदा बाईला थंडच पाणी द्यावं."

"मग?"

"मग काय? पाय धुणाऱ्याचे हात गारठले असते. तुम्ही थोड्याच धूत होतात." ते हसले. मग हंड्यात हात बुडवून बघितला. "अजून कोमट आहे. ओतून टाकू?"

मावशी बघत राहिल्या. इतकी सोपी गोष्ट होती. "हो, टाका ओतून" म्हणायचं, टॉवेल उचलायचे, घरी जायचं. घरी आरसा होता, चिमटा होता, बादली होती. उद्याही असणार होती. परवाही. एक दिवस आरशात बघायला पाय नसता, पण मान राहिला असता. कुणासाठी राहिला असता तो? त्या रिकाम्या दोन खोल्यांत तो मान बघायला होतं कोण?

मामांनी हंडा कलता केला.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "ओतू नका."

त्या खोक्यावर टेकल्या. मामा समोर जमिनीवर बसले, घंगाळात पाणी घेतलं आणि बुटाच्या नाडीला हात घातला.

"आधी हात धुवा!" मावशी कडाडल्या. "साबणाने. कोपरापर्यंत. नखांतून."

"हे बरं आहे," मामा पुटपुटले. पण उठले, नळावर गेले, साबण लावला, घासले, परत आले आणि दोन्ही हात मावशींसमोर धरले, पालथे, मग उताणे. मावशींनी चष्मा खाली ओढला. बोटांच्या सांध्यांत, तळहाताच्या रेषांत काळं होतंच. ते कधीच जाणार नव्हतं.

"स्वच्छ आहेत," मावशी म्हणाल्या.

मामांनी बूट काढला, मग वरचा मोजा, मग आतला पाण्याने भिजवून, हलकेच, घाई न करता. वास आला. मावशींनी डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट बघितली. प्रश्न आला नाही. पाऊल कुणाच्या तरी मांडीवर गेलं, त्यावर कोमट पाणी पडलं आणि एक खरखरीत हात टाचेवरून फिरला. जखमेपाशी तो फिरकला नाही, तिच्या भोवतीने गेला. एवढ्या दिवसांत त्या पायाला कुणी हात लावला नव्हता. मावशी रडायला लागल्या. वॉर्डात कुणी रडलं की त्या पडदा ओढून घ्यायच्या. इथे पडदा नव्हता. त्या मोठ्याने, नाक ओढत, लहान मुलासारख्या रडल्या.

"दुखतंय?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग ते वाईट. उद्या सकाळी जायचं इस्पितळात."

"तिथली पोर मला बोलेल."

"बोलू दे. मी पायाला फडकं बांधून देतो, तुम्ही बोलणी खायची तयारी करा." आणि मग, बांधता बांधता, "माझ्या बायकोचेही असेच थंड असायचे पाय," एवढंच म्हणाले.

चर्चच्या मागच्या दारात फादर उभे होते, हातात विसरलेला एक टॉवेल घेऊन. ते पुढे आले नाहीत. तसेच मागे वळले, आणि जाताना चौकटीला कपाळ आपटल्याचा आवाज आला.

त्या रात्री मावशी प्रार्थनेला बसल्या. काय म्हणावं ते सुचेना. मी हे केलं, मी ते केलं, ही नेहमीची सुरुवात तोंडात आली आणि परत गेली. शेवटी त्यांनी फडकं बांधलेला पाय जरासा पुढे केला, अंधारात, कुणाला दाखवावा तसा, आणि तशाच बसून राहिल्या. खोली नेहमीइतकीच रिकामी होती. धाकटी नव्हतीच. पण गप्प असणं आणि नसणं यात फरक असतो, एवढं त्यांना जाणवलं, आणि झोप लागली.

सकाळी ड्रेसिंगच्या खोलीत त्यांना उंच टेबलावर बसवलं. मुख्य सिस्टर आली. तीच ती, शिकाऊ असताना कापसाचा बोळा चुकीच्या हाताने धरणारी. आता तिच्याही केसांत पांढरं आलं होतं. मोठ्या सिस्टरना टेबलावर बघून ती गडबडली. हात धुतले, कोपरापर्यंत, आणि फडकं सोडलं. जखम बघितली आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "इतके दिवस..." मग जीभ चावून ती थांबली.

"पुरं कर वाक्य," मावशी म्हणाल्या.

"नको ना, सिस्टर."

"पुरं कर गं. मीच शिकवलंय."

"इतके दिवस झोपला होतात का?" ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"हो," मावशी म्हणाल्या.

पोरीने एकदा वर पाहिलं, मग पायाकडे वळली आणि कामाला लागली. बोट बहुतेक जाईल, पाऊल वाचेल, डॉक्टर बघून नक्की सांगतील, असं ती म्हणाली. मावशींनी मान हलवली. तिने लावलेला कापूस त्यांना बरोबर वाटला आणि धरलेला चिमटा चुकीचा वाटला, पण त्या बोलल्या नाहीत.

"इथे थोडे दिवस राहावं लागेल," पोर म्हणाली. आणि मग, खाली बघत, सोडलेल्या फडक्याच्या दोऱ्याशी चाळा करत तिने तो राहिलेला प्रश्न विचारला. "सोबत कोण?"

मावशींनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. बाकावर बॉयलरमामा बसले होते, पाठ ताठ, नजर समोर, आणि मांडीवर दोन्ही हातांत धरलेला एक डावा बूट. तो खाली ठेवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "बाहेर बसलेत. आत बोलाव त्यांना. आणि हात तपासू नकोस, मी तपासलेत."